माझा नेम चुकत होता तेव्हा

मित्रांनो, मी बंदूक आहे, पण आजवर माझ्यामुळे एक चिमणीसुद्धा दुखावलेली नाही. मी खेळातली बंदूक. या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात आणि माझ्यासारख्या लांब नळीच्या बंदुकीला मुलं स्नायपर म्हणतात. माझ्या पोटात दारू नाही की शिसं नाही. एक जाड स्प्रिंग आहे, बस. खटका मागे ओढला की ती दबते, चाप ओढला की सुटते, पुढची हवा ढकलते आणि मटाराच्या दाण्याहून लहान असा पांढरा प्लॅस्टिकचा छर्रा बाहेर पडतो. तरीसुद्धा खेळताना सगळ्यांना जाड चष्मा लावावाच लागतो. जो लावत नाही त्याला मैदानाबाहेर काढतात. डोळ्याशी थट्टा नको.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट ठाऊक नाही. माझ्या डब्यावरची अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती. पहिला मालक इंदूरचा. त्याने मला सहा महिने वापरलं, पाडलं, आणि ‘नेम लागत नाही’ म्हणून धारच्या अजेयला विकून टाकलं. अजेयने मला घरी आणलं तेव्हा त्याची थोरली बहीण सुमंगला वह्या तपासत बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची.

पहिल्याच दिवशी अजेय वैतागला. “ताई, ही तर दारू पिऊन चालल्यासारखी मारते यार!”

“तिला नको बोलूस,” सुमंगला म्हणाली. “उघडून बघ आधी, आत काय हलतंय.”

खरंच हलत होतं. माझ्या बाहेरच्या नळीत एक बारीक पितळी नळी आहे, ती सैल होऊन डुलत होती. दोघांनी मिळून तिच्याभोवती चिकटपट्टीचे वेढे दिले. एक वेढा कमी पडला, दोन जास्त झाले, मग दीड. गणिताच्या बाईंचा हात तो! नळी घट्ट बसली. मग त्यांनी आतला रबर पाहिला.

या रबराबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. नळीच्या आतल्या तोंडाशी तो असतो, करंगळीच्या नखाएवढा. छर्रा निघताना हा रबर त्याच्या डोक्यावरून हलकेच हात फिरवतो, जशी आई शाळेच्या फाटकाशी मुलाच्या डोक्यावरून फिरवते तसा. त्या स्पर्शाने छर्रा स्वतःभोवती उलटा फिरू लागतो आणि फिरत फिरत हवेवर तरंगत दूर जातो. तो हात नीट फिरला नाही, तर छर्रा अर्ध्या वाटेतच मान टाकतो, नाहीतर भलतीकडे वळतो.

त्या दिवसापासून मी सुमंगलाची झाले. अजेय नुसता नावाचा मालक उरला.

तिचं लग्न देवासला यशराजशी झालं. मी गादीच्या वळकटीत लपून सासरी गेले. वळकटी सुटली आणि मी फरशीवर घरंगळले, तेव्हा सासूबाई, सावित्रीबाई, दोन पावलं मागे सरल्या. “अगोबाई! लोकांच्या सुना शिवणयंत्र आणतात, ही बंदूक घेऊन आली!”

सासरे दत्ताजी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज दरबारात मानकरी होते आणि भिंतीवर एक तलवार आणि कपाटात एक कट्यार, एवढा त्या दिवसांचा ठेवा घरात उरला होता. त्यांनी मला उचललं, वजन पाहिलं, एक छर्रा चिमटीत धरला आणि हसले. “यात साबुदाणा घालतात होय?”

“हो मामंजी,” सुमंगला म्हणाली. “भिजवलेला नाही, कोरडा.”

ते खो खो हसले. सुनेनं पहिल्याच दिवशी उत्तर दिलं हे त्यांना आवडलं असावं. पण त्या वर्षी खंडेनवमीला तलवार, कट्यार आणि सावित्रीबाईंची विळीसुद्धा पाटावर आली, मी मात्र आले नाही. खेळण्याची कुणी पूजा करतं का?

देवासहून पीपलरावां गावाकडे जाताना रस्त्यालगत सोयाबीनचं एक जुनं गोदाम आहे. तिथे रविवारी खेळ चालायचा. संघाचा कप्तान अमन. एका रविवारी यशराजची गाडी बिघडली म्हणून दत्ताजी सुनेला सोडायला आले आणि कंटाळत तिथेच खुर्ची टाकून बसले. सुमंगलाने माझ्या दुर्बिणीला उजवा डोळा लावला. साठ मीटरवर लोखंडी थाळी टांगलेली होती. टण्! मग पुन्हा टण्! दहापैकी नऊ.

दत्ताजींनी खुर्ची थोडी पुढे सरकवली. संध्याकाळी कचोरीच्या गाडीवर ते मित्रांना सांगत होते, “आमची सूनबाई साबुदाण्यानं थाळी वाजवते, भिया! साठ मीटरवरून!”

ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढच्या वर्षी सुमंगला बाळंतपणासाठी माहेरी, धारला गेली. मला तिने पुसून बैठकीच्या कपाटात ठेवलं. तिच्या बातम्या मला कपाटाच्या फटीतून, फोनवरच्या बोलण्यातून कळायच्या. मुलगी झाली. नाव उर्वी ठेवलं. मग एके दिवशी सावित्रीबाईंचा आवाज बदलला.

उर्वी तीन आठवड्यांची असताना सुमंगला सकाळी चूळ भरायला गेली आणि पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलं. आरशात पाहते तर अर्धा चेहरा झोपलेला. उजवा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, बरी होईल, वेळ लागेल. रात्री डोळ्यावर पट्टी चिकटवून झोपायचं आणि मिटत नाही तो डोळा बोटाने मिटवायचा. ती यशराजला फोनवर म्हणाली होती, “उर्वीकडे पाहून हसायचं म्हटलं तरी अर्धंच हसू येतं.”

तशात खंडेनवमी आली. सकाळी दत्ताजींनी कपाट उघडलं, तलवार काढली, कट्यार काढली, आणि थोडं थांबून मलाही बाहेर काढलं.

मित्रांनो, मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पाटावर तलवारीच्या शेजारी माझी जागा. त्यांनी मला गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मग तलवारीला तेल लावून झाल्यावर त्यांनी एका काठीला चिंधी गुंडाळली, ती तिळाच्या तेलात बुडवली आणि माझ्या नळीत सारली. एकदा नाही, तीनदा. वर वाटीतलं उरलेलं तेलही थेंब थेंब सोडलं.

“अहो, तिला कशाला एवढं?” सावित्रीबाई म्हणाल्या.

“नळीला तेल पाजल्याशिवाय हत्यार इमान राखत नाही. आमचे आजोबा सांगायचे.” आणि देवासच्या देवीला हात जोडून ते हळूच म्हणाले, “टेकडीवरच्या आई, पोरीचा डोळा पूर्वीसारखा उघडू दे, मिटू दे. ती येईल तेव्हा ही तयार असू दे.”

तेल खाली उतरत होतं. नळीतून पुढे, माझ्या त्या इवल्याशा रबरापर्यंत. मला ओरडावंसं वाटलं. लोखंडाला तेल म्हणजे जेवण असतं, पण माझ्या रबराला ते विष होतं. ओशट हाताने कुणाच्या डोक्यावरून हात फिरवला तर तो घसरणारच ना? पण समोर डोळ्यांत पाणी आणून उभा असलेला म्हातारा माणूस पाहिला आणि, खरं सांगते, बोलता आलं असतं तरी मी कदाचित गप्पच बसले असते.

पूजेचा फोटो धारला गेला. सुमंगलाचा लगेच फोन आला. “मामंजी, तिला तलवारीशेजारी बसवलंत?” तेलाबद्दल कुणी काही बोललं नाही. रोज दात घासले हे कुणी सांगतं का? तसंच ते.

सुमंगला संक्रांतीनंतर परत आली. चेहरा जवळजवळ पूर्वीसारखा झाला होता. गार वाऱ्यात उजव्या डोळ्यातून पाणी यायचं, तेवढंच. अमनने तिची जागा राखून ठेवली होती. इंदूरला मोठा सामना होता आणि संघात लांबच्या नेमाची एकच जागा असते. “दीदी, वो जगह आपकी है,” तो म्हणाला. “बस एक बार थाळी बजा के दिखा दो.”

तिने गोदामात मला हातात घेतलं. दुर्बिणीला डोळा लावला, श्वास रोखला, चाप ओढला.

छर्रा थाळीच्या अलीकडे मातीत पडला. दुसरा डावीकडे गेला, तिसरा उजवीकडे. दहापैकी एक लागला, तोही काठाला. अमनने नुसती मान खाली घातली. तेच तिला जास्त लागलं.

यशराजने दुर्बिणीचे स्क्रू घट्ट केले, छर्रे बदलले, जड छर्रे आणले. काही फरक नाही. आणि सुमंगला प्रत्येक वेळी तळव्याने उजवा डोळा पुसायची. मला कळत होतं तिच्या मनात काय चाललंय. ती घरी येऊन डावा डोळा झाकायची आणि उजव्याने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तिथी वाचायची. मग आरशासमोर उभी राहून दोन्ही डोळे सावकाश मिटायची, उघडायची, आणि उजवा मागे राहतो का ते पाहायची. रोज, भाजी शिजेपर्यंत, उर्वी झोपेपर्यंत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळा ठीक आहे. तिचा विश्वास बसला नाही. “ते वीस फुटांवरची अक्षरं वाचायला लावतात,” ती यशराजला म्हणाली. “थाळी साठ मीटरवर असते.”

“ओल्या बाळंतिणीनं डोळे ताणू नयेत म्हणत होते,” सावित्रीबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. “ऐकतंय कोण?”

“गप्प बसा हो,” दत्ताजी म्हणाले. “तिचा डोळा सोन्यासारखा आहे. खोट असेल तर त्या यंत्रात असेल.” आणि मग मोठ्या मायेने, “सूनबाई, तू काळजी करू नकोस.”

मित्रांनो, ते खरं बोलत होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. याहून अवघड जागी मी कधी अडकले नव्हते.

अजेयचा धारहून फोन आला. “ताई, सोपं आहे ना! तिला दोन पोत्यांमध्ये घट्ट दाबून ठेव आणि डोळा न लावता दहा मार. दहाही एका जागी गेले तर बंदूक ठीक. पसरले तर बंदुकीत गडबड. तू बीचमें आहेसच कुठे?”

“नको.”

“नको क्या? दहा मिनिटांचं काम!”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “आणि एका जागी गेले तर, अजेय? मग मला कळेल की डोळाच गेलाय. आत्ता निदान कळलेलं तरी नाही.”

तिने अमनला फोन करून सांगितलं, माझी जागा दुसऱ्या कुणाला दे. “रविवारतक रुकता हूँ, दीदी,” तो म्हणाला. “मत रुको,” ती म्हणाली. मग मला जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलं. अजेयने येऊन मला धारला न्यावं, तोच खेळेल, असं तिने ठरवलं होतं. दुपट्ट्याची गाठ मारताना तिचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते.

रविवारी सकाळी अजेय बसने आला. चहा झाला. सुमंगला उर्वीसाठी खिमट शिजवायला आत गेली आणि अजेयने दत्ताजींना खुणावलं. दोघांनी मला गुपचूप परसात नेलं. घरातली गव्हाची दोन पोती ओढून आणली, मला त्यांच्यामध्ये रोवलं, वरून पाटा ठेवला. परसाच्या टोकाला, तीस पावलांवर, खाटेच्या चौकटीवर वर्तमानपत्राचं उघडं पान ताणून बांधलं. दोघांनी चष्मे चढवले. दुर्बिणीला कुणीच डोळा लावला नाही. अजेय नुसता खटका ओढायचा आणि चाप दाबायचा. दहा वेळा.

मग तो ते पान घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला. दत्ताजी मला घेऊन मागोमाग.

“ताई, मोज.”

“काय हे?”

“दहा मारले. पोत्यांनी मारले. मोज ना, गणिताच्या बाई!”

तिने मोजले. सात भोकं होती. एक वर डावीकडे, दोन पार खाली जाहिरातीत, एक कोपऱ्यात. तीन छर्रे पानाला लागलेच नव्हते.

“आता सांग,” अजेय म्हणाला, “गव्हाच्या पोत्याला कुठला आजार झालाय?”

सुमंगला चुलीपाशी खालीच बसली. खिमट लागल्याचा वास येऊ लागला तरी तिला कळलं नाही. सावित्रीबाईंनी पातेलं उतरवलं आणि प्रथमच काही न बोलता तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिथेच, फरशीवर, अजेयने मला उघडलं. काठीला कोरडी चिंधी गुंडाळून नळीतून ओढली. चिंधी पिवळी आणि चिकट होऊन बाहेर आली. त्याने वास घेतला. “यात तेल कुणी घातलं, यार? कोणता शहाणा...”

“बघू,” दत्ताजी म्हणाले. त्यांनी चिंधी नाकाशी नेली आणि तशीच धरून उभे राहिले.

“तिळाचं आहे,” ते म्हणाले. “मीच घातलं. खंडेनवमीला.”

अजेयच्या तळव्यावर माझा रबर होता, फुगून मऊ पडलेला. सुमंगलाने तो पाहिला. मग मामंजींकडे पाहिलं. तिला राग येऊ नये असं तिला वाटत होतं, पण तो आला.

“मामंजी,” ती म्हणाली, “सव्वा महिना मी आरशात डोळा बघत होते.”

“मला वाटलं...” दत्ताजी म्हणाले. चिंधी त्यांनी घडी करून खिशात ठेवली, जणू ती कुणाची तरी ठेव होती, आणि ते ओसरीवर जाऊन बसले.

तिने अमनला फोन लावला. उशीर झाला होता. दुसऱ्या मुलाचं नाव आदल्याच दिवशी इंदूरला कळवलेलं होतं. “सॉरी दीदी,” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ती जागा त्या वर्षी तिला मिळाली नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण गोष्टीत शेवटी सगळं परत मिळतं असं आपल्याला वाटतं.

नवा रबर यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत दत्ताजी माझ्या कपाटाकडे फिरकले नाहीत. जेवायला बसायचे आणि भाजी न मागता उठायचे. उर्वीला मांडीवर घेतलं तरी सुनेच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत. सुमंगलाही बोलत नव्हती. घरात नुसता भांड्यांचा आवाज होता.

पाचव्या दिवशी दुपारी तिने ओसरीवर स्वच्छ कापड अंथरलं आणि माझे भाग मांडले. नळी स्पिरिटच्या चिंधीने पुसली, एकदा, दोनदा, चिंधी पांढरी येईपर्यंत. मग नवा रबर बसवायची वेळ आली. उर्वी एका हातावर होती आणि ती काही खाली उतरेना.

“मामंजी,” तिने हाक मारली. “एक हात कमी पडतोय.”

दत्ताजी दारात आले. हात पाठीमागे बांधलेले. “मी नको,” ते म्हणाले. “यशराजला येऊ दे.”

“तुम्हीच.”

ते खाली बसले. तिने तो इवलासा रबर त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी आधी धोतराला तळवा पुसला होता, ते मी पाहिलं. त्यांनी तो रबर उजेडाकडे धरला. मग त्यांनी विचारलं, “सूनबाई, याला काय लागतं?”

“काही नाही लागत, मामंजी,” ती म्हणाली. “याला कोरडं राहू द्यायचं.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी नळी धरली, तिने रबर सरकवला. त्यांनी नळी जराही हलू दिली नाही. उर्वीने त्यांचा चष्मा ओढला. ते हसले नाहीत, पण चष्मा तिला ओढू दिला.

रविवारी गोदामात सुमंगलाने दहा छर्रे मारले. सात लागले, तीन चुकले. गार वारा होता आणि उजवा डोळा पाणावत होता. अमन म्हणाला, “पहलेसारखं होईल, दीदी.” तिने मान हलवली. तिसरा चुकला तेव्हा तिचा श्वास सुटला होता. सहावा वाऱ्याने नेला. नववा डोळ्यातल्या पाण्यामुळे. तिन्ही चुका तिच्या होत्या आणि तिन्ही तिला ओळखता येत होत्या. तिने डोळा पुसला आणि पुन्हा खटका ओढला.

मित्रांनो, मला टाकून देणारे भेटले, आपटणारे भेटले, त्यांचं मला फारसं दुःख नाही. मला खरं बिघडवलं ते मायेने. म्हणून तुम्हाला एवढंच विनवते. घरातली वस्तू असो, झाड असो, आजारातून उठलेलं माणूस असो, त्याच्यावर जीव लावा, भरभरून लावा. पण तेलाची वाटी हातात घेण्याआधी, दत्ताजींनी मागाहून विचारलं ते एकदा विचारा, याला काय लागतं. उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर वाटी खाली ठेवायलाही शिका. आणि ज्याला तोंड नाही, त्याच्यावर हात चालवण्याआधी, ज्याला माहीत आहे त्याला एक फोन करा. सुमंगलाचा धारचा फोन खंडेनवमीच्या त्या सकाळीही लागत होता.